कवेलूचं तिकीट

एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतोच. बाजारातून परतताना पुढची बंडी निघाली की मागच्या बंड्यांचे बैल आपोआप चालू लागतात, हाकावं लागत नाही. तसंच आहे हे! मी सारी उमर बंडी हाकली, शाळेत कधी बसलो नाही. पण एकदा एका शाळेसाठी बैल जुंपले होते, आणि त्या उन्हाळ्याचे इतके किस्से माझ्याकडं पडून आहेत की नात म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. फक्त जरा भरभर सांगा."

भरभर तर माझे बैलही कधी चालले नाहीत!

* * *

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आमचा टोला सावली गावापासून काही कोस आत, जंगलाच्या काठाला. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झालेली. सरकारनं आम्हाला शाळा दिली होती. शाळा म्हणजे एक गुरुजी दिले होते! इमारत आम्ही उभी करायची. तोवर गुरुजी मोहाच्या झाडाखाली शिकवायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलला की पंचाईत व्हायची. गुरुजी फळ्याकडं वळले की मागं टप टप फुलं पडायची आणि पोरं पाट्या ठेवून टोपल्या भरायला लागायची. नेमके त्याच दिवसांत तपासणीचे साहेब आले. पाहतात तर गुरुजी एकटेच उभे!

"मुलं कुठं आहेत?"

गुरुजी म्हणाले, "सगळी हजर आहेत साहेब. फक्त खाली वाकून आहेत!"

साहेब काही हसले नाहीत. जाताना म्हणाले, "मृगानंतर पुन्हा येईन. चार भिंती आणि वर कवेलूचं छप्पर दिसलं तर शाळा इथं राहील. गवताचं चालणार नाही. नाहीतर शाळा नाल्यापलीकडच्या गावाला जाईल."

आता आमचा नाला पावसाळ्यात बैलालाही उतरू देत नाही, तिथं लेकरांची काय कथा! मोठी पोरं कशीतरी गेली असती. पण शाळेत एक पोरगी होती, सोमी. एकच पोरगी. तिची माय भागरताबाई, जिभेनं फार तिखट बाई. ती साहेबांच्या जीपकडं पाहत म्हणाली, "मी सावलीच्या बाजारात जातो त कोन्त्या दुकानावर काय लिवलं हाये, मले समजत नाई. सोमीले समजलं पाह्यजे. शाळा गेली त माही पोरगी बी माह्यासारखीच रायते ना मंग!"

भिंती आम्ही मातीच्या उचलल्या. बांबू-बल्ल्या जंगलानं दिल्या. राहिले कवेलू, छपराची कौलं. आमच्या टोल्यात सारी गवताची घरं. कवेलूचं घर एकच, ते भागरताबाईचं. तिच्या नवऱ्यानं मोठ्या हौसेनं सावलीहून माझ्याच बंडीत कवेलू आणले होते, आणि तेव्हापासून भागरताबाई कोणाशी भांडली की शेवटी एवढंच म्हणायची, "जाय जाय, तुह्या घरावर गवत हाये!"

* * *

फोटोची युक्ती कासमभाईची. चांद्यात त्याचं फोटोचं दुकान होतं आणि गुरुजींची त्याच्याशी जुनी दोस्ती. गुरुजींचं गाऱ्हाणं ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, भाषण से कुछ नहीं होता. लोकाईले तसवीर दाखवा. तुमच्या पोराईचे मोठे मोठे फोटो काढतो, सावलीत लावतो. ज्याले पाह्यचे हायेत त्यानं काही तरी देऊन अंदर यावं."

"काय द्यावं?"

दोघं विचार करत बसले. मग गुरुजी म्हणाले, "कवेलूच मागू. पैसे मागितले की माणूस 'उद्या या' म्हणतो. कवेलू मागितलं की वर पाहतो!"

ते दिवस घर फेरायचे. मिरगाच्या आधी जो तो छपरावर चढून कवेलू उतरवतो, फुटके काढतो, चांगले पुन्हा बसवतो. घरोघरी अंगणात कवेलू मोकळे पडलेले असतात. तिकीट ठरलं. एका माणसाला एक कवेलू, एकदा पाहायचं. दुसऱ्यांदा पाहायचं असेल तर दुसरं कवेलू!

* * *

कासमभाई डबा, तिपाई आणि काळं कापड घेऊन माझ्या बंडीतून टोल्यात आला. त्या कॅमेऱ्यात मागून कापडाखाली डोकं घालून पाहायचं, आणि समोरचं सारं उलटं दिसायचं. पाटलानं हट्ट धरला, "आधी मी पाह्यतो." त्यानं डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर येईना. आला तेव्हा घाम फुटलेला. एकदा काचेकडं, एकदा पोरांकडं पाहिलं आणि सरळ जाऊन एका पोराचा खिसा चाचपला.

"काय झालं पाटील?"

"पोरं उलटे टांगले हायेत, मंग गोट्या काऊन नाई सांडल्या?"

* * *

कासमभाईला पोरं जशी होती तशीच फोटोत हवी होती. उघडी, धुळीनं माखलेली. म्हणाला, "लोकाईले दया आली पाह्यजे."

बायांनी हे ऐकलं आणि झाडाखालीच सभा भरली. भागरताबाई पुढं. "उघड्या लेकराचा फोटो काढता? सावलीच्या बाया काय म्हनतीन? आमचे लेकरं काय कोनी टाकून देल्ले हायेत का?"

गुरुजींनी समजावलं, कासमभाईनं हात जोडले. काही उपयोग नाही. शेवटी कासमभाई म्हणाला, "ठीक आहे बाई, घाला कपडे."

झाडामागं गेलं की पोर चांगला पांढरा सदरा घालून यायचं. तेल लावलेलं, भांग पाडलेला. एक झालं की दुसरं. ते झालं की तिसरं. कासमभाई आपला कापडाखाली. "हिलो मत! मी बस म्हनतपरेंत हालाचं नाई!" झाडाखाली उजेड कमी, म्हणून पोरांना बराच वेळ पुतळ्यासारखं उभं राहावं लागायचं. सगळे फोटो झाले. कासमभाई खूश होऊन चांद्याला गेला.

दुकानात फोटो धुऊन एका ओळीत वाळत घातले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सदरा सगळ्यांना गुडघ्यापर्यंत. सगळ्यांचं वरून तिसरं बटण तुटलेलं. सगळ्यांच्या डाव्या खिशाला तोच हळदीचा डाग!

पुढच्या फेरीला मी गेलो तर मला दुकानात ओढून नेलं. "डोमाभाऊ, हे पाहा! तुमच्या गावात सदरा किती हायेत?"

मी म्हणालो, "हायेत ना."

"किती?"

"तो हाये ना. कोतवालाच्या लग्नातला."

* * *

सोमीनंही तोच सदरा परकरावर घातला होता. पण तिच्या मागं ज्या पोराचा नंबर होता त्याला दम निघेना. कासमभाई "हालू नको, हालू नको" म्हणत होता आणि झाडामागून ते पोर बाही ओढत होतं, "सोमे, काढ ना व, माहा नंबर हाये!" मग काय, सोमी हलली. फोटोत मोहाचं झाड स्वच्छ, दगड स्वच्छ, आणि मधे सोमीच्या जागी नुसतं पांढरं धुकं. खाली दोन पाय तेवढे दिसत होते.

कासमभाई तो फोटो फेकायला निघाला होता. गुरुजी म्हणाले, "अरे, शाळेत एकच पोरगी आहे. लाव."

सावलीत पहिल्या दिवशी भागरताबाई फोटो पाहायला आली. कवेलू पदराखाली धरून, जसं काही अंडंच आणलं होतं. फोटोपुढं उभी राहिली. कासमभाई आधीच घाबरून म्हणाला, "बाई, माफ करा. पोरगी हाल्ली."

"माही पोरगी नाई हाल्ली, तुमचा फोटो हाल्ला!"

आणि मग जवळ जाऊन त्या धुक्याकडं बोट दाखवून शेजारच्या बाईला म्हणाली, "हे पाय, हसून राह्यली." आम्ही सारे पाहत राहिलो. कोणाला काही दिसेना. तिला दिसत होतं.

* * *

सावलीतल्या एका धानाच्या गोदामात फोटो लावले होते. उन्हाळ्यात गोदाम रिकामंच. भिंतीवर चौकटीतले पोरांचे मोठे फोटो, दारात मी कवेलू उतरवून घ्यायला, आत गुरुजी सांगायला.

आता आमच्याकडं चौकटीतला फोटो भिंतीवर चढतो तो एक तर देवाचा, नाहीतर गेलेल्या माणसाचा. लोक दारात जोडे काढून यायला लागले. बाया कुंकवाचा करंडा घेऊन. एकीनं तर नारळ फोडला! एक म्हातारे बाबा सगळे फोटो पाहून झाल्यावर डोळे पुसत गुरुजींपाशी आले. हळूच विचारलं, "एवढीशी लेकरं. एकदमच गेली का जी? काय, हैज्याची साथ होती?"

गुरुजी म्हणाले, "गेली नाहीत हो बाबा, शाळेत आहेत!"

बाबांना एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की घरी जाऊन अजून एक कवेलू घेऊन आले. म्हणे, "आता जित्या लेकराईले पाह्यतो!"

* * *

एकजण अर्धंच कवेलू घेऊन आला. फुटकं. म्हणाला, "घरात हेच हाये."

मी गरीब माणूस, कोणाला नाही म्हणायची सवय नाही. मी कासमभाईकडं पाहिलं. त्यानं गंभीर तोंड करून अर्धं कवेलू हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "चलेगा. पर एक आँख बंद रखना!"

आणि तो माणूस खरंच एक डोळा हातानं झाकून सगळे फोटो पाहून आला.

* * *

दुसरा किस्सा याच्या पुढचा. सावलीतला एक विणकर आपलं घर फेरायला छपरावर चढला, तर कवेलू पुरेनात. खाली उतरून चौकशी केली. बायको फोटो पाहून आली होती. माय पाहून आली होती. पोरं तर रोज जात होती! तो तसाच, अंगावर धूळ, तणतणत गोदामाच्या दारात.

"माहे कवेलू कुठी हायेत? काढा माहे कवेलू!"

मी दाखवला ढीग. म्हटलं, "भाऊ, यातले तुमचे कोन्ते, वळखा."

कवेलूसारखं कवेलू. तो ढिगाभोवती दोन चकरा मारून थकला. मग म्हणाला, "असं हाये तरी काय आत, ज्याच्यासाठी माह्या घराले उघडं पाडलं?" आणि आत शिरायला लागला.

कासमभाईनं दारात हात आडवा घातला. "तिकीट?"

विणकर तिथूनच वळला. मग शिव्या देत घरी गेला. आणि शिव्या देतच कवेलू घेऊन परत आला!

* * *

एक दिवस चांद्याहून मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब जीपनं आल्या. गुरुजींना फार आशा होती. ढीग वाढत होता, पण छप्पर केवढं आणि कवेलू केवढं! मिरग तर डोक्यावर येऊन बसलेला. बाईसाहेबांनी मनात आणलं तर एका दिवसात छप्पर झालं असतं.

त्या दोन फोटो पाहून थांबल्या. "गुरुजी, तुम्ही तर म्हणाला होता गरीब मुलं आहेत. ही तर छान कपड्यांत आहेत. तेलबील लावलंय. मी चांद्यातल्या लोकांना काय सांगू?"

गुरुजींचं तोंड उतरलं. कासमभाई माझ्याकडं बघून पुटपुटला, "मैं बोला था, उघडेच पाह्यजे."

बाईसाहेब तशाच पुढं चालत राहिल्या. तिसरा फोटो. चौथा. पाचव्यापाशी थबकल्या. मागं आल्या. वाकून पाहिलं. बटण. डाग. पुन्हा पहिल्यापासून एकेका फोटोपाशी गेल्या.

"गुरुजी, हा सदरा कोणाचा आहे?"

गुरुजी म्हणाले, "गावाचा."

बाईसाहेब तडक जीपमध्ये जाऊन बसल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. पण चार दिवसांनी चांद्याहून एक ट्रक आला, कवेलूंनी भरलेला! गुरुजी लहान पोरासारखे धावले. पाहतात तर बंगल्यावरचे विलायती चपटे कवेलू. आमच्या नळीच्या कवेलूत ते काही केल्या बसेनात. खाली बांबूही तसे नव्हते. सुताराची चाल वेगळी, खिळे वेगळे.

ते वाया गेले म्हणता? छे! खाली जमिनीवर ओळीनं मांडले. आमच्या जिल्ह्यात विलायती कवेलूवर बसून शिकणारी पोरं फक्त आमचीच!

* * *

भागरताबाई मात्र रोज येत होती. ऊन चढायच्या आत टोल्यातून निघायची आणि पदराखाली कवेलू. मी म्हटलं, "बाई, काल त पाह्यला ना तू फोटो?"

"काल कालची सोमी पाह्यली. आज आजची पाह्यतो."

गुरुजींनी एकदा तिला सांगितलं, "भागरताबाई, तुझ्या पोरीचाच फोटो आहे. तू अशीच जात जा आत. कवेलू नको आणू."

झालं! कंबरेवर हात ठेवून उभी. "फुकट पाहू? माही पोरगी काय फुकट हाये?"

गुरुजी पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. घरी सोमी आणि ती, दोघीच. सोमीचा बाप जंगलतोडीच्या कामावर गेलेला, मिरगाच्या आधी येऊन घर फेरून देतो म्हणाला होता, पण त्याचा पत्ता नव्हता. ती यायची, धुक्यापुढं उभी राहायची, आपल्याशीच हसायची आणि परत पायी निघायची. मी म्हणायचो, "थांब, सांजच्याले बंडी जाते." ती म्हणायची, "तुह्या बंडीत बसलो त सोमी म्हातारी होऊन जाईन!"

* * *

कवेलू न्यायला दुसऱ्या दोघांच्या बंड्याही होत्या. त्यांचे बैल जवान, गाडीवान घाईचे. टोल्यात पोचेपर्यंत अर्ध्या कवेलूंचा चुरा! शेवटी गुरुजींनी सारा ढीग माझ्या हवाली केला. खाली धानाचं तणस, वर कवेलू, वर पुन्हा तणस, आणि माझे बैल आपल्या चालीनं. कासमभाई एकदा पाठीमागे बसून आला. अर्ध्या वाटेत म्हणाला, "डोमाभाऊ, मी दुकान बंद करून तुमच्या बंडीतच कॅमेरा लावतो."

"काऊन जी?"

"इथी काहीच हालत नाई!"

* * *

शेवटचे कवेलू चढले तेव्हा आभाळ काळं झालं होतं. एका कोपऱ्यात वीतभर जागा उघडी राहत होती, ती भागरताबाईनं त्या दिवशी आणलेल्या कवेलूनं बुजली. पाऊस रात्रभर लागला आणि सकाळी त्याच पावसात तपासणीचे साहेब आले. जीप वाटेत फसली म्हणून पायी, चिखलानं भरलेले.

पोरं विलायती कवेलूवर बसलेली. साहेब मधोमध उभे राहिले. वर पाहिलं. तांबडे, काळे, जुने, नवे, कोणाच्या घरचे कोणते देव जाणे. आम्ही सारे दारात भिजत उभे. साहेब वर पाहत राहिले आणि त्यांच्याबरोबर सगळी शाळा वर पाहत राहिली.

एक थेंब नाही.

साहेब म्हणाले, "मला कोणी कोरडा पंचा देईल का?"

आणि पंच्यानं डोकं पुसत म्हणाले, "गुरुजी, चालू करा शाळा. मी बसतो थोडा वेळ. बाहेर फार पाऊस आहे."

* * *

शेवटचा किस्सा एवढाच.

फोटो ज्याच्या त्याच्या घरी द्यायचे कासमभाईनं आधीच ठरवलं होतं. साहेब गेल्यावर दुपारी गुरुजी आणि मी निघालो. फोटो गुरुजींनी छत्रीखाली धरलेले, पाऊस माझ्या अंगावर. सगळ्यांचे देऊन झाले. शेवटी भागरताबाईचं घर.

समोरून घर जसंच्या तसं. कवेलू नीट ओळीत. आम्ही दारातून आत पाहिलं, तर मागच्या बाजूला आभाळ दिसत होतं. त्याच्याखाली घरातली सारी भांडी मांडलेली. हंडा, गुंड, परात, तवा, सोमीचं जेवायचं ताटसुद्धा. प्रत्येकात वेगळा आवाज होत होता. सोमी एका कोपऱ्यात डोक्यावर सूप धरून पाटीवर अक्षर काढत बसली होती.

गुरुजी दारातच उभे राहिले.

भागरताबाईनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. धुक्याकडं पाहून हसली. मग टांगायला जागा पाहू लागली. या भिंतीपाशी गेली, त्या भिंतीपाशी गेली. वर पाहिलं. पुन्हा फोटो पदरानं पुसला आणि गुरुजींच्या हातात परत दिला.

"शाळेतच टांगा जी. तिथी कोरडं हाये."